डब्यातला आवाज आणि लिलावातली बोली

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, धारूरात ब्लूजचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देतो.

आधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका ऑनलाइन लिलावात मी जाझचा एक बॉक्स सेट घेतला. काळा चौकोनी डबा, वर छापील अनुक्रमांक. म्हणजे 'मर्यादित आवृत्ती'. आपल्याकडे रात्रीचे तीन वाजले होते. शेवटची दोन मिनिटं मी फोनकडे असा बघत होतो, जसं काही घरातलं माणूस ऑपरेशन थिएटरात आहे. (हशा) जिंकलो. टपाल आणि कस्टम धरून अर्ध्या पगाराच्या वर गेलं. महिन्याभरानं डबा आला. तबकड्या चकचकीत, पण आतली पुस्तिका गायब. विकणाऱ्यानं 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं, आणि फोटोत डबा बंद होता. मीही विचारलं नव्हतं.

मी तबकडी लावली. अप्रतिम संगीत. पण ट्रम्पेट कोण वाजवतंय, हे कुठे आणि कधी ध्वनिमुद्रित झालं, एकच धून तीनदा का येते, काही कळेना. तेव्हा लक्षात आलं की मी जे विकत घेतलं ते पूर्ण नव्हतं, आणि जे हरवलं त्याची लिलावात किंमतच लागली नव्हती. आज मी टीका करणार आहे ती याच जागेवरून.

लिलाव कशाचा भाव करतो, ते आधी पाहू. मोंढ्यात तुम्ही ढिगात हात घालता, दाणा दाताखाली फोडता, मग भाव बोलता. इथे हात घालायची सोय नाही, फक्त फोटो. जुन्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तसं काहीसं इथे आहे. तुम्ही तुमची कमाल रक्कम गुप्तपणे भरून ठेवता. यंत्र तुमच्या वतीने बोली वाढवत जातं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या माणसापेक्षा एक पायरी वर गेलं की थांबतं. म्हणजे मी दिलेली किंमत माझ्या प्रेमाची नसते. जगाच्या पाठीवर त्या रात्री आणखी एक अनोळखी माणूस किती हट्टाला पेटला होता, त्याची ती किंमत असते. दोन हट्टी माणसं भेटली की डबा महाग, एकच असला की स्वस्त. संगीत दोन्ही वेळा तेवढंच.

दुसरं, टंचाई. 'मोझेक रेकॉर्ड्स' ही अमेरिकी कंपनी मायकल कस्कुना आणि चार्ली लौरी यांनी १९८३ मध्ये काढली. पहिल्याच वर्षी थेलोनियस मंक याचं ब्लू नोट कंपनीसाठी केलेलं सगळं ध्वनिमुद्रण त्यांनी एका संचात आणलं. त्यांचे डबे क्रमांकित, ठरावीक प्रतींचे. का? कारण मूळ ध्वनिमुद्रणं दुसऱ्या कंपन्यांच्या मालकीची. परवाना मिळायचा तोच ठरावीक प्रतींसाठी. म्हणजे डब्यावरचा आकडा हा मुळात करारातला एक कलम आहे. लिलावानं त्या कलमाचा दागिना केला. मोझेकचं खरं काम दुसरं होतं. कोणत्या दिवशी कोण कोण स्टुडिओत होतं याची नोंद, अभ्यासू लेख, फ्रान्सिस वुल्फची छायाचित्रं. ते सगळं पुस्तिकेत असतं. आणि लिलावाच्या वर्णनात ठळक काय असतं? 'दुर्मिळ', 'न उघडलेला'. न उघडलेला डबा म्हणजे न वाचलेलं पत्र. त्याला जास्त पैसे मिळतात, हे मला अजून पचत नाही.

पण थांबा. संग्राहकांना झोडपून मी मोकळा होणार नाही, ते अन्यायाचं होईल. 'पॅरामाउंट' नावाच्या ब्लूज कंपनीचं उदाहरण घ्या. ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. ग्रामोफोनची लाकडी कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्डी काढायच्या, इतका साधा हिशेब. चार्ली पॅटनसारखा माणूस त्यांच्यासाठी गायला. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर त्याने १९२९ मध्ये गाणं ध्वनिमुद्रित केलं. कंपनी बुडाली, धातूचे मूळ साचे गेले. आज आपण पॅटन ऐकतो तो कुणाच्या तरी घरात उरलेल्या, झिजलेल्या, खरखरणाऱ्या तबकडीवरून. दारोदार फिरून त्या तबकड्या गोळा करणारे वेडे लोक नसते तर पॅटन हे नुसतं एक नाव उरलं असतं. २०१३ मध्ये टॉमी जॉन्सन या ब्लूज गायकाची पॅरामाउंटची एक ७८ आरपीएम तबकडी ईबेवर ३७,१०० डॉलरला गेली. ती घेणारे जॉन टेफ्टेलर हे नावाजलेले संग्राहक. आकडा ऐकून आपण डोक्याला हात लावतो, पण मला विचाराल तर माझा प्रश्न 'इतके का दिले' हा नाहीच. माझा प्रश्न असा की, ती तबकडी पुढे वाजते का, आणि आपल्याला ऐकू येते का? वाजत असेल, तर त्या पैशाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता दोन संच कसोटीवर घासून पाहू.

पहिला, रॉबर्ट जॉन्सनचा १९९० चा 'द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज'. हा माणूस १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये गायला. एकूण २९ गाणी. १९३८ मध्ये, २७ व्या वर्षी वारला. दोन तबकड्यांच्या या संचात ४१ मुद्रणं आहेत, आणि तो दहा लाखांहून जास्त खपला. मोठं काम. पण ऐकणारा म्हणून माझी तक्रार आहे. त्यात एका गाण्याच्या पाठोपाठ त्याच गाण्याचं दुसरं मुद्रण येतं. अभ्यासकाला सोयीचं, कानाला जाच. एकच अभंग लागोपाठ दोनदा, शब्द तेच आणि सूर जवळपास तेच, असं कुणी भजनात म्हणतं का? 'संपूर्ण' या शब्दाच्या नादात गाणं ऐकण्याचा क्रम हरवला. पर्यायी मुद्रणं शेवटी ठेवली असती तर दोघांचंही भागलं असतं.

याच संचाची दुसरी बाजूही सांगतो. खप वाढला तसा वारसाचा प्रश्न न्यायालयात तापला. मिसिसिपीतल्या क्लॉड जॉन्सन या ट्रकचालकाला १९९८ मध्ये रॉबर्टचा मुलगा म्हणून न्यायालयानं मान्य केलं, २००० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. बाप गेल्यावर साठ वर्षांनी. डबा विकला गेला म्हणून हक्काला किंमत आली, हे खरं. आणि तोवर गाण्याचे पैसे दुसरीकडेच जात होते, हेही खरं.

दुसरा संच हॅरी स्मिथचा. १९५२ मध्ये फोकवेज कंपनीनं काढलेल्या या सहा एलपींत ८४ गाणी, सगळी स्मिथच्या स्वतःच्या संग्रहातल्या जुन्या व्यापारी तबकड्यांवरून. गायक काळा की गोरा हे त्याने मुद्दाम सांगितलं नाही. बाजारात तबकड्या वर्णाप्रमाणे वेगळ्या विकल्या जात, त्यानं त्या शेजारी बसवल्या. शिवाय स्वतः लिहिलेली पुस्तिका. यात मिसिसिपी जॉन हर्ट नावाच्या एका शेतमजुराची दोन गाणी होती. हर्ट १९२८ मध्ये मेम्फिस आणि न्यूयॉर्कला जाऊन गायला, रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत, आणि तो परत शेतावर गेला. पस्तीस वर्षं तो कुठे आहे हे संगीताच्या जगात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचं आणखी एक जुनं गाणं संग्राहकांमध्ये टेपवरून टेपवर फिरत होतं. त्यात त्याने आपलं गाव एव्हलॉन असं सांगितलं होतं. टॉम हॉस्किन्स या तरुणाने ते नीट ऐकलं, जुन्या नकाशात गाव शोधलं आणि १९६३ मध्ये तिथे गेला. हर्ट जिवंत होता! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात तो गायला. १९६६ मध्ये वारला, पण शेवटची तीन वर्षं लोक त्याला ऐकत होते.

माझ्या आजच्या बोलण्याचं सार या एका गोष्टीत आहे. हर्ट सापडला तो तबकडीच्या किमतीमुळे नाही, ऐकण्यामुळे सापडला. डबा न उघडणाऱ्याला एव्हलॉन कधीच सापडलं नसतं.

आता घरी येऊ. हे सगळं परक्याचं वाटत असेल तर एक आठवण. त्या जुन्या तबकड्या लाखेपासून बनायच्या, आणि जगाला लाख पुरवणारा मोठा देश हिंदुस्थान. जाझही आपल्या कानाला नवा नाही. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक वाजवत होते. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत होते, आणि १९५१ च्या 'अलबेला'तली गाणी तुमच्या आजीलाही पाठ असतील. जाझ तिथे आहे, फक्त त्याचं नाव आणि वादकांची नावं आपल्याला कुणी सांगितली नाहीत. परत पुस्तिकाच हरवली!

गौहरजानची गोष्ट तर सगळ्यांत बोलकी. १९०२ मध्ये कलकत्त्यात तिचं ध्वनिमुद्रण झालं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगारांना कळावं म्हणून गाणं संपलं की ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. म्हणजे आपली पुस्तिका तिनं आवाजातच कोरून ठेवली. आज आपल्याकडच्या जुन्या तबकड्याही ऑनलाइन विकल्या जातात. भाव करताना लेबलचा रंग बघतात, ओरखडे मोजतात. पण ही तबकडी कुणाच्या घरातली, कुठून आली, हे विचारणारा विरळा. म्हणून १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं मला मोल वाटतं. त्यांनी नुसतं जमवलं नाही. सभा घेऊन ऐकवलं, नियतकालिक काढून नोंदी छापल्या.

आता काकांचा प्रश्न. धारूरात ब्लूजचं काय काम?

मिसिसिपीच्या कापसाच्या पट्ट्यात वाटेकरी हंगामाच्या आधी मालकाकडून उधारीवर धान्य-कपडा उचलायचा आणि वर्षाअखेर हिशेब व्हायचा तेव्हा बहुतेकदा तोच देणेकरी निघायचा. आपल्या तालुक्यात मुकादमाची उचल म्हणजे काय हे मी समजावून सांगायची गरज आहे का? दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन नवरा-बायको कारखान्याच्या वाटेला लागतात, मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. गुलामगिरीचा इतिहास वेगळा, वर्ण वेगळा, मी दोन्ही एका मापानं मोजत नाही. पण फिटत नाही ते कर्ज अंगावर घेऊन गाणारा गळा ओळखायला धारूरच्या माणसाला भाषांतर लागत नाही.

आणि आपलं गाणं? ते जात्यावर होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प उभा केला, त्यात हजाराहून जास्त गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमल्या. १९९६ मध्ये ही मंडळी इथून जवळ, माजलगावच्या भीमनगरात आली होती. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर ही ओवीमाला येऊ लागली. उघडून बघा. ओवीखाली गाणारणीचं नाव, गाव, तालुका, जात, वय, मुलं किती, काम काय, मुद्रणाची तारीख. अर्ध्या पगारात मला जी पुस्तिका मिळाली नाही, ती इथे फुकट आहे. या संग्रहावर बोली लागत नाही, कारण टंचाई नाही. आणि बोली लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं, हे काही मौल्यवान नाही. लिलावानं आपले कान असे बिघडवलेत.

मग डबे घ्यायचे नाहीत का? जरूर घ्या, मीही घेतो. पण घेण्याआधी विकणाऱ्याला पहिला प्रश्न पुस्तिकेचा विचारा आणि तिच्या पानांचे फोटो मागा. आपली कमाल रक्कम दिवसाउजेडी ठरवा, रात्री तीनला नाही. (हशा) आणि आला की उघडा. चार जणांना बोलावून ऐकवा.

माझा तो काळा डबा अजून आहे. एका ओळखीच्या संग्राहकानं त्याच्याकडच्या पुस्तिकेची पानं फोटो काढून पाठवली, एकही पैसा न घेता. मी ती छापून, शिवून डब्यात ठेवली आहेत. लिलावात त्या शिवणीचा भाव शून्य. पण आता मला माहीत आहे की ट्रम्पेट कोण वाजवतंय.

आज घरी गेल्यावर कुणाच्या आजीला जात्यावरची एखादी ओवी आठवत असेल, तर फोनवर मुद्रित करा. आणि तिचं नाव, गाव, तारीख त्याच आवाजात तिच्याकडूनच वदवून घ्या. गौहरजानसारखं.