हिमप्रदेशाच्या चित्रातील भव्यता आणि मानवी परिमाण

लॅब्राडॉर किनाऱ्यालगतचे हिमनग १८५९ मध्ये प्रत्यक्ष पाहून अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च यांनी १८६१ मध्ये ‘द आइसबर्ग्ज’ हे चित्र पूर्ण केले. त्यात मानवी अस्तित्वाची खूण नव्हती. १८६३ च्या लंडन प्रदर्शनापूर्वी त्यांनी त्यात तुटलेली डोलकाठी रंगविली. तिच्यामुळे हिमनगाला परिमाण लाभले आणि निर्विकार शांततेला शोकभाव प्राप्त झाला. मात्र भव्यता मानवी विनाशातूनच व्यक्त होते, असे नाही. डोळखांब परिसरावर अजापर्वताचे कडे उभे आहेत. याच सह्याद्रीच्या पायथ्याच्या ठाणे-पालघर पट्ट्यातील वारली चित्रांत माणसे चिमुकली असली, तरी ती नांगर धरतात, तारप्याभोवती फेर धरतात. निसर्गापुढे ती पराभूत नसतात. यावरून असे म्हणता येईल की, निसर्गचित्रातील भाव निसर्गाच्या आकारापेक्षा माणसाला दिलेल्या स्थानावर अधिक अवलंबून असतो.