‘सनसनाटी’ : एका शब्दाचा अर्थ आणि वापर

‘सेन्सेशनॅलिझम’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठी वृत्तव्यवहारात ‘सनसनाटी’ हा शब्द रूढ झाला आहे. हिंदीतील ‘सनसनी’शी नाते असलेला हा ध्वन्यनुकारी शब्द अंगावरून सरसरत जाणाऱ्या शहाऱ्याचा बोध करून देतो. त्याच्या शेजारी नांदणारा ‘खळबळ’ हा शब्द मात्र ढवळलेल्या पाण्याशी निगडित आहे. शहारा वाचकाच्या शरीरात उमटतो, खळबळ समाजात माजते. तेव्हा ‘खळबळजनक’ हे घटनेचे आणि ‘सनसनाटी’ हे कथनाचे विशेषण ठरावयास हवे. परंतु मराठी वृत्तपत्रे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. क्रीडापृष्ठावर तर ‘सनसनाटी विजय’ ही चक्क प्रशंसा असते!

मूळ इंग्रजी शब्दाला तत्त्वज्ञानातही स्थान आहे. सर्व ज्ञान इंद्रियसंवेदनांतून उद्भवते, असे मानणारा तो पक्ष होय. १८६० च्या दशकातील ‘सेन्सेशन’ कादंबऱ्या आणि १८९० च्या दशकातील न्यूयॉर्कची पुलित्झर-हर्स्ट स्पर्धा यांतून या शब्दकुळाला आजची निंदाव्यंजक छटा चिकटली. मराठीत पहिल्या अर्थासाठी ‘संवेदनवाद’ हा वेगळा शब्द योजला गेल्याने दोहोंतील दुवा तुटला. वस्तुतः तोच दुवा समीक्षेच्या कामाचा आहे. बातमीने जागवलेली संवेदना ज्ञानापर्यंत पोहोचते की शहाऱ्यापाशीच थांबते, हा खरा निकष होय.

लातूरचे उदाहरण या निकषावर तपासता येते. मार्च २०१६ मध्ये तेथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लागू झाले. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पाणीगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. पाण्यासाठी रेल्वे हे दृश्यच असे होते की त्याला विशेषणाची गरज नव्हती. मात्र २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे पहिल्या फेरीचे पाणी माणशी जेमतेम सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, तरी हा हिशेब सहा-सात लिटरांपलीकडे जात नाही. गाडीचे छायाचित्र या भागाकारापर्यंत आणि तेथून मांजरा खोऱ्यातील उसापर्यंत वाचकाला नेत असेल, तर त्या वृत्ताला सनसनाटी म्हणणे अन्यायाचे होईल. गाडीच्या स्वागताच्या हारांपाशीच ते थांबले, तर मात्र हा शब्द त्याला शोभतो, मग त्यातील प्रत्येक तपशील खरा का असेना.

नांदेडचे प्रकरण अधिक अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. ‘चोवीस तासांत चोवीस’ या शब्दयोजनेत एक प्रास आहे, आणि प्रास नेहमीच संशयास्पद असतो. परंतु येथे तो पत्रकाराने रचलेला नव्हता. इतर ठिकाणांहून अत्यवस्थ होऊन आलेले रुग्ण अधिक होते, हा रुग्णालयाचा खुलासाही वृत्ताचाच भाग होता. अशा रुग्णालयातील नेहमीचा दैनिक मृत्युदर सांगितल्याखेरीज तो आकडा अपुराच राहतो. तथापि आकडा अपुरा असणे आणि तो भडक असणे या भिन्न बाबी आहेत. अपुऱ्या आकड्यावर उपाय अधिक आकड्यांचा असतो. ‘सनसनाटी’ हा आरोप येथे नेमका उलटा वापरला जाऊ शकतो, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी.

दोनच दिवसांत एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करावयास लावल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. खरी सनसनाटी ही होती. तिच्यात क्रोध होता, अपमान होता, जातीचा प्रश्नही उभा राहिला आणि पुढे गुन्हाही नोंदला गेला. फक्त अर्भके कशाने दगावली याचे उत्तर नव्हते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शासनाला विचारणा झाली ती रिक्त पदांची, औषधखरेदीची आणि आरोग्यावरील तरतुदीची.