कथाकाराने गप्प कुठे बसावे?

गेल्या दिवाळीत अलकापुरीतल्या आमच्या घरी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) पुन्हा पाहिला. शेजारी पुतण्या होता. तो गुजराती माध्यमात शिकतो, त्याचे मराठी घरापुरतेच. चित्रपटातली बोली त्याला निम्मीच कळली असेल. पण डुकरामागे धावणारे जब्याचे कुटुंब शाळेतले राष्ट्रगीत कानी पडताच जागच्या जागी उभे राहते, तेव्हा तो सावरून बसला. डुक्कर मात्र थांबत नाही. दिग्दर्शक तिथे एका शब्दाचेही भाष्य करत नाही.

मी मुख्याध्यापक. समजावून सांगणे हा माझा व्यवसाय आणि कथा लिहिताना तोच माझा दोष. हा प्रसंग मी लिहिला असता, तर पुढे विषमतेवर परिच्छेदभर प्रवचन आले असते. याच पुतण्याने माझी कथा दुसऱ्या पानावर मिटून ठेवली होती.

दादासाहेब फाळके याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला (१९१३) आवाज नव्हता, कृती आणि मोजक्या लिखित पाट्या यांवरच कथा पुढे सरकली.

लेखकाने कॅमेऱ्याची नक्कल करावी, असे मी म्हणत नाही. मनातली घालमेल शब्दांनीच उलगडते. पण प्रसंग स्वतः बोलत असेल, तिथे लेखकाने गप्प बसावे. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना तर प्रत्येक जादा वाक्य मराठीपासून दूर नेते.

यंदाच्या कथेचा शेवटचा परिच्छेद मी खोडला. पुतण्याने ती पुरी वाचली आणि शेवटाचा अर्थ त्यानेच मला सांगितला, अर्धा गुजरातीत.