उमाजी नाईक : शत्रूने लिहिलेले चरित्र

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आगाशी जाळली, ही हकीकत आपणांस ठाऊक आहे ती जाळणारांच्याच इतिहासकारांमुळे. जितांस आपली बाजू लिहून ठेवण्याची सवड क्वचितच मिळते. ती जेते लिहितात, आणि पुढील पिढ्यांस तिच्याच आधारे न्यायनिवाडा करावा लागतो. उमाजी नाईकाच्या चरित्रकारांवर नेमका हाच प्रसंग आला आहे.

उमाजीचे पहिले चरित्र लिहिले ते त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशने. उमाजीच्या फाशीनंतर पुढच्याच वर्षी, १८३३ साली, ते मुंबईत छापले गेले. ग्रंथाचा मूळ विषय रामोशी जमातीची उत्पत्ती व स्थिती हा असून नाईकाचे चरित्र त्यात समाविष्ट केले आहे. ही मांडणीच बोलकी आहे. माणूस एकदा जातीचा नमुना ठरला, की त्याच्या कृत्यांची कारणे शोधण्याचे प्रयोजन उरत नाही. तथापि ग्रंथकार सचोटीचा आहे. तुरुंगात असता उमाजी लिहावयास-वाचावयास शिकला, शिवाजीमहाराजांचा आदर्श तो डोळ्यांपुढे ठेवीत असे, हे त्यानेच नमूद केले आहे. या ग्रंथातील पुरावा घ्यावा आणि निष्कर्ष पारखून मगच घ्यावा.

मराठी चरित्रलेखनाने पुढे दरोडेखोराच्या जागी आद्य क्रांतिकारक उभा केला, हे न्याय्यच झाले. परंतु एका स्थळी ही लेखणी वारंवार अडखळते. १८२८ साली कंपनी सरकारने उमाजीस माफी दिली, जमीन व पगार दिला, आणि चोऱ्यामाऱ्यांचा बंदोबस्त त्याच्याकडे सोपविला. ज्याने पुढे इंग्रजी राज्य उलथण्याचा जाहीरनामा काढला, तो काही काळ त्याच राज्याचा चाकर होता! हा भाग चार ओळींत उरकण्याचा, किंवा शत्रूस गाफील ठेवण्याचा डाव म्हणून सजविण्याचा मोह सहज होतो.

आमच्या मते या चरित्राचे मर्म येथेच आहे. रामोशी म्हणजे गावाचा रखवालदार. चोरी झाली तर माग काढणे हे त्याचे कर्तव्य, आणि त्याबद्दल गावाकडून मिळणारे उत्पन्न हा त्याचा हक्क. पुरंदर किल्ल्याची राखणही रामोश्यांकडे असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी ती सुटली, आणि १८१८ नंतरच्या इंग्रजी अमलात उरलेसुरले हक्कही आटत गेले. कंपनीच्या लेखी १८२८ ची नेमणूक म्हणजे एका गुन्हेगारावर केलेली मेहेरबानी होती. उमाजीने मात्र ती बुडालेल्या हक्काची परतफेड मानली असावी. एकाच नेमणुकीचे असे दोन अर्थ दोन पक्ष मनात धरून असतील, तर तो सलोखा टिकावा कसा?

१६ फेब्रुवारी १८३१ चा जाहीरनामा या पार्श्वभूमीवर वाचावा. इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांचे खजिने लुटा, सारा भरू नका, असे त्यात लोकांस सांगितले आहे. पुरंदरच्या परिसरातील हक्कांसाठी भांडणारा माणूस येथे साऱ्या देशाच्या वतीने बोलू लागला आहे. हे मन्वंतर कसे घडले, हे दाखविणे हे चरित्रकाराचे काम. आणि चाकरीची ती वर्षे गाळली तर ते दाखविताच येत नाही. जन्मापासून क्रांतिकारक असलेला पुरुष पूजेस ठीक, पण त्याच्यापासून शिकावयाचे काय?

त्याच वर्षी डिसेंबरात, डोक्यावर दहा हजार रुपयांचे इनाम असलेला उमाजी फितुरीने पकडला गेला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास फाशी गेला. मॅकिन्टॉशने त्याला जातीच्या चौकटीत बसविले. आपण त्याला देव्हाऱ्यात बसविले. रखवालदार, चाकर आणि बंडखोर या तिन्ही अवस्थांतून जाणारा एकच माणूस ज्यात सलग दिसेल, असे चरित्र मराठीत व्हावे, अशी आमची इच्छा आहे. त्याने उमाजीची थोरवी तिळमात्र कमी होणार नाही.