सॉक्रेटिसचे ‘मला तरी’

प्लेटोचे संवाद इंग्रजीतून वाचताना सॉक्रेटिस पुष्कळदा शाळातपासनिसासारखा बोलतो. मूळ ग्रीकमध्ये तो तसा बोलत नाही. तेथे वाक्यावाक्यात ‘मेन’, ‘दे’, ‘गे’, ‘आरा’, ‘पोउ’ असे इवलेसे शब्द पेरलेले असतात आणि भाषांतरकाराची कात्री पहिल्यांदा त्यांच्यावरच चालते. इंग्रजी माणूस हे काम आवाजाच्या चढउताराने करतो. कागदावर आवाज उमटत नाही.

जुन्या ग्रीक वैयाकरणांनीच यांतल्या काहींवर भरतीचे शब्द असा शिक्का मारला होता. आपल्या यास्कानेही काही निपात ‘पादपूरण’ म्हणून बाजूला काढलेच! उलट, ऑक्सफर्डच्या डेनिस्टनने १९३४ साली केवळ या अव्ययांवर ग्रंथ लिहिला. १९५४ च्या दुसऱ्या आवृत्तीची पाने सहाशेंच्या वर आहेत.

‘गे’च पाहा. (आपल्या ओवीतल्या ‘गे’शी त्याचे नाते नाही.) सॉक्रेटिसने प्रश्न केला की समोरचा पुष्कळदा ‘एमोइगे’ म्हणतो. म्हणजे शब्दशः ‘मला तरी’. इंग्रजीत उरते कोरडे ‘होय’. येथे नुकसान मोठे आहे. सॉक्रेटिसला गावाचे मत नको असते, समोर बसलेल्या एकट्याचे हवे असते. ‘गॉर्जियास’मध्ये तो हे उघड सांगतो. ‘तरी’ गेला की ती एकट्याची जबाबदारीही गेली.

‘आरा’ची गंमत तर मराठी वाचकालाच कळावी. एखादी गोष्ट आत्ता उमगली तर ग्रीक माणूस ‘आरा’ घालून क्रियापद भूतकाळी ठेवतो. आपणही घर समोर उभे असताना म्हणतोच, ‘अस्सं! हे तुमचं घर होतं तर!’ आणि ‘पोउ’ म्हणजे मुळात ‘कुठेतरी’. त्यावरून ‘बहुधा, वाटते’. हल्लीच्या व्याख्यात्यांचे ‘कुठेतरी मला वाटतं’ ऐकून मी कपाळाला हात लावीत असे. आता थोडा सबुरीने ऐकतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्लेटो मराठीत आणायचा तर इंग्रजीच्या वाटेने आणू नये. इसवी सनापूर्वी ३९९ साली सॉक्रेटिस न्यायासनापुढे उभा राहिला. प्लेटोने लिहिलेल्या त्या भाषणाच्या पहिल्याच वाक्यात एका बाजूला, ‘मेन’ला चिकटून, ‘तुम्ही’ आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘दे’ला चिकटून ‘मी’. इंग्रजीत तेथे नुसता ‘पण’ येतो. आपल्याकडे त्याला ‘मी मात्र’ आहे.