उत्क्रांतीच्या वाटेवरचा क्रूस

उत्पत्तीचे पुस्तक खरे की शाळेत शिकवली जाणारी उत्क्रांती खरी, असा प्रश्न आपल्या घरांतील मुले विचारतात. 'तो धडा परीक्षेपुरता' किंवा 'देवाचा एक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षे', यांपैकी एखादे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. पहिल्या उत्तरात विज्ञानाचा अनादर आहे, दुसऱ्यात पवित्र शास्त्राचा. कारण उत्पत्तीचा लेखक पृथ्वीचे वय सांगायला बसलेला नव्हता. या दोन्ही पळवाटा नाकारणारा ग्रंथ म्हणून फादर पिएर तेयार द शार्दां (१८८१-१९५५) यांच्या 'द फिनॉमिनन ऑफ मॅन'कडे आम्ही पुनःपुन्हा वळतो.

फादर तेयार हे येशूसंघीय धर्मगुरू आणि पुराजीवशास्त्रज्ञ. चीनमधील ज्या झोऊकोउदियन येथे १९२९ साली 'पेकिंग मानवा'ची कवटी सापडली, तेथील संशोधनात त्यांचा सहभाग होता. पेकिंगमध्येच १९३८ ते १९४० या काळात त्यांनी हा ग्रंथ लिहिला. प्रकाशनाची अनुमती त्यांना हयातीत मिळाली नाही. त्यांनी ती आज्ञा पाळली. १९५५ च्या ईस्टर रविवारी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले आणि त्याच वर्षी मूळ फ्रेंच ग्रंथ बाहेर आला. १९६२ मध्ये रोमने त्यांच्या लेखनातील संदिग्धतेबाबत सावधगिरीचा इशारा दिला.

जड द्रव्यातून जीवन, जीवनातून विचार आणि विचारातून 'ओमेगा' या अंतिम ऐक्याकडे, असा या ग्रंथाचा प्रवास आहे. निर्मिती ही भूतकाळात आटोपलेली घटना नसून ती अद्याप चालू आहे, ही जाणीव तो वाचकाच्या मनात खोल रुजवतो. त्याचे मोठेपण यातच आहे.

तथापि आमचे दोन आक्षेप आहेत. हा ग्रंथ निव्वळ वैज्ञानिक प्रबंध म्हणून वाचावा, असे लेखक प्रस्तावनेत बजावतात. ओमेगा मात्र कोणत्याही उत्खननात सापडत नाही. तो श्रद्धेच्या डोळ्यांना दिसतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९६१ साली या ग्रंथावर कठोर टीका केली. तिचा सूर आम्हांस मान्य नाही, पण विज्ञानाच्या वेषात काव्य वावरते आहे, हा तिचा रोख चुकीचा नव्हता. ख्रिस्तसभेची वाट अधिक विनम्र आहे. १९५० च्या 'हुमानी जेनेरिस' या परिपत्रकाने मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधनास मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो ही श्रद्धा जपली. उत्क्रांतिवाद आता केवळ गृहीतक राहिलेला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली स्पष्ट केले. येथे दोन ज्ञानांची सरमिसळ नाही. प्रत्येकास आपापला प्रश्न दिलेला आहे.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक बोचतो. उत्क्रांतीची वाट मृत्यूंनी भरलेली आहे. किती जीवजाती मागमूसही न ठेवता नष्ट झाल्या. शिखराकडे जाणाऱ्या या यात्रेत वाटेवर गळून पडलेल्यांचे काय? पाळण्यातच दगावलेल्या बाळाच्या आईला ओमेगाने कोणते सांत्वन द्यावे? ग्रंथात या प्रश्नाला १९४८ साली जोडलेल्या एका छोट्या परिशिष्टाइतकीच जागा मिळाली आहे. लेखकाला दुःख अपरिचित नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी आघाडीवर जखमींच्या डोल्या वाहिल्या होत्या, दोन भाऊ गमावले होते. म्हणूनच हा संक्षेप आम्हांस खटकतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या एका तळटीपेत फादर तेयार यांच्या योगदानाची नोंद घेतली, याचा आम्हांस आनंद आहे. हा ग्रंथ आपल्या तरुणांनी अवश्य वाचावा. मात्र विज्ञानाचे पाठ्यपुस्तक म्हणून नव्हे, तर एका शास्त्रज्ञाची प्रार्थना म्हणून. वाचताना एवढेच स्मरावे की, पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवरील जखमा पुसल्या गेल्या नव्हत्या. सृष्टीच्या अखेरच्या वैभवाचे जे चित्र आपण रेखाटू, त्यातही त्या जखमांना जागा असली पाहिजे.