जखमी मुलांच्या मनाची चाळणी : ‘स्टेप’ प्रश्नावलीचे परीक्षण

वाहनाच्या अपघातात सापडलेल्या मुलाचे हाड सांधले की उपचार संपला, असे मानण्याची रीत जुनी आहे. त्याच मुलाला पुढे कित्येक महिने रस्ता ओलांडवत नाही, रात्री ते दचकून उठते, ही गोष्ट रुग्णालयाच्या नोंदवहीत उमटत नाही. आघातोत्तर ताणविकाराचा संभव कोणत्या मुलाच्या ठायी आहे हे प्रारंभीच ओळखावे, या हेतूने फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील फ्लोरा विन्स्टन, नॅन्सी कस्साम-अ‍ॅडम्स व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली ‘स्टेप’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचा अभ्यासविषय ८ ते १७ वर्षे वयाची मुले व त्यांचे पालक हा होता.

प्रश्नावलीत बारा बाबी आहेत. चार मुलाला विचारावयाच्या, चार पालकाला, आणि चार रुग्णनोंदीतून घ्यावयाच्या. वय, लिंग, नाडीचे ठोके आणि हातपाय मोडल्याचा संशय या शेवटच्या चार होत. जखमेच्या एकूण गंभीरतेला येथे स्थान नाही, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु प्रश्नावलीचे मर्म तेथेच आहे. मुलाला विचारले जाते ते भीतीविषयी, मरणाच्या शंकेविषयी, दुसऱ्या कोणास इजा झाली काय याविषयी, आणि आईबाप कोठे आहेत हे ठाऊक नसल्याचा क्षण आला होता काय, याविषयी. पालकाचे गुण वेगळे मोजले जातात. कारण अपघात डोळ्यांनी पाहणारी आईही त्याच विकाराची रुग्ण होऊ शकते.

मूळ अभ्यासात पुढे ज्या मुलांना त्रास टिकून राहिला, त्यांपैकी शेकडा ८८ मुले या चाळणीने आधीच वेगळी काढली होती; आणि जी निर्धोक ठरली त्यांपैकी शेकडा ९५ खरोखरच निर्धोक राहिली. तिची भिस्त या दुसऱ्या आकड्यावर आहे. उलटपक्षी, पुढे बऱ्या राहिलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुलेही चाळणीत अडकली होती. तेव्हा येथील ‘धोका’ म्हणजे निदान नव्हे. तसे समजून मुलाच्या कागदावर शिक्का मारणारे, व नंतर त्याची विचारपूस करण्यास कोणीही न नेमणारे रुग्णालय त्या कुटुंबाच्या पदरी केवळ नवी धास्ती टाकील.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ज्या मुलांवरून बाबी निवडल्या, त्यांच्याच आधारे त्यांचे यश मोजले गेले. पुढे ऑस्ट्रेलियात व नेदरलंड्समध्ये मूळ उंबरठे जसेच्या तसे लागू पडले नाहीत. केनार्डी प्रभृतींनी २००६ साली प्रसिद्ध केलेली दहा प्रश्नांची कसोटी निराळ्या वाटेने जाते : अपघातानंतर काही दिवसांनी ती मुलालाच त्याची लक्षणे विचारते. ही वाट अधिक सरळ खरी, पण तोवर बहुतेक मुले घरी गेलेली असतात, आणि त्यांना गाठणे हेच अवघड होऊन बसते. ‘स्टेप’चे मोल या सोयीत आहे, मुलाच्या खाटेशी बसून परिचारिका ती भरू शकते.

बारा बाबींपैकी वय, लिंग, मोडलेले हाड यांपुढे रुग्णालयाचा इलाज नाही. आईबापांचा पत्ता नसण्याची गोष्ट मात्र तशी नाही. अपघातविभागाच्या दाराबाहेर आईला थांबवून ठेवण्याची प्रथा जेथे चालते, तेथे त्या ‘होय’मध्ये रुग्णालयाचाही वाटा असू शकतो.